एका दिवसात न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्सचे फॉल कलर्स (पानगळीचे रंग), आई-बाबा आणि लहान मुलगी सोबत असताना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मॅसॅच्युसेट्समधल्या बर्लिंग्टनहून निघायचं, आई-बाबा पुण्याहून आलेत आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात परत जाणार, बाबांच्या गुडघ्यांना चढउतार झेपत नाही, मुलगी पाच वर्षांची, हातात एकच दिवस आणि तोही कोलंबस डेच्या लाँग वीकेंडचा शनिवार. त्यात अकरा ठिकाणांची यादी, फ्ल्यूम गॉर्जपासून नॉर्थ कॉनवेच्या आउटलेट दुकानांपर्यंत आणि वर माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर गाडी नेणारा ऑटो रोड. मी मॅसॅच्युसेट्समधे १९ वर्षं राहतेय आणि दरवर्षी भारतातून आलेल्या कुणाना कुणाला घेऊन हा रस्ता करतेच, कधी माझे सासू-सासरे, कधी मैत्रिणीचे आई-वडील, एका वर्षी तर एकाच मोसमात तीनदा. त्यामुळे स्पष्ट सांगते, अकरा ठिकाणं केलीत तर आई-बाबांना डॅशबोर्ड आणि पार्किंग लॉट दिसतील, रंग दिसणार नाहीत. मुख्य अशी पाचच ठेवा, बाकी वाटेवरचे छोटे थांबे. कुठली आणि का, ते सांगते.

आधी तारखेचं बघू, कारण सगळे तिथेच अडकतात. "पीक, म्हणजे रंगांचा ऐन बहर, कधी आहे?" असं विचारतात, जणू दसरा-दिवाळीसारखी कॅलेंडरवर तारीख छापलेलीये. तसं नसतं हो. रंग डोंगरावरून खाली उतरत येतो. आपण ज्या डोंगररस्त्याने जाणार त्या कँकामॉगस हायवेचा माथा २,८५५ फुटांवर आहे आणि त्याच रस्त्याचं पूर्वेचं, कॉनवे गावाकडचं टोक जेमतेम साडेचारशे-पाचशे फुटांवर, म्हणजे एकाच ३४.५ मैलांच्या रस्त्यावर दोन-अडीच हजार फुटांचा फरक. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माथा पेटलेला असतो तेव्हा खाली कॉनवेत बरंचसं हिरवं असतं, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर माथ्यावर नुसत्या काड्या उरतात तेव्हा खाली नदीकाठ सोन्यासारखा झालेला असतो. तुम्ही जाताय तो वीकेंड बहुतेक वर्षी मधल्या उंचीला आणि दऱ्यांना बरोबर बसतो. म्हणून माथ्यावर पोचून झाडं ओकीबोकी दिसली तर "उशीर झाला, वाया गेलं" असं म्हणून हिरमुसू नका, तसेच हजारभर फूट खाली उतरा, रंग तिथे आलेला असतो. माझ्या बघण्यात असे कितीतरी लोक आहेत जे माथ्यावर फोटो काढून, नाराज होऊन, नेमक्या रंगाच्या पट्ट्यातून साठच्या स्पीडने निघून गेले.

आता रंग येतो कसा, हे बाबांना गाडीत सांगायला उपयोगी पडेल, कारण सगळे बाबा हे विचारतातच. पानातलं हरितद्रव्य झाड सतत नव्याने बनवत असतं. दिवस लहान झाले, रात्री गार पडायला लागल्या की झाड ते बनवणं थांबवतं, पानाच्या देठाशी एक बुचासारखा थर तयार होतो आणि पान हळूहळू झाडापासून तुटायला लागतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली दडलेला, तो फक्त उघडा पडतो. लाल रंग मात्र पान त्या शेवटच्या दिवसांत नव्याने बनवतं, पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून. म्हणून ज्या वर्षी सप्टेंबरात दिवसा छान ऊन आणि रात्री गारठा पण गोठवणारी थंडी नाही असं जमतं त्या वर्षी लाल असा काही येतो की बघत राहावं, आणि उन्हाळा कोरडा गेला की बरीच पानं कडेने तपकिरी होऊन लवकर गळतात. आपल्याकडे शाळेच्या अंगणात देशी बदामाचं झाड असतं ना, त्याची पानं गळायच्या आधी लालभडक होतात, लहानपणी आपण ती गोळा करायचो, तसंच हे, फक्त इथे अख्खा डोंगरच्या डोंगर तसा होतो. माझ्या सासऱ्यांना हे बदामाचं सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "मग हे आपल्या ओळखीचंच आहे की."

झाडं ओळखायला शिकवा आईंना, मजा येते. दलदलीच्या, तळ्याच्या कडेला सगळ्यात आधी लाल होतो तो रेड मेपल. डोंगरउतारावर केशरी, शेंदरी, मधेच पिवळा अशा सगळ्या छटा एकाच झाडावर घेऊन उभा असतो तो शुगर मेपल, त्याच्याच रसाचं मेपल सिरप. पांढऱ्या खोडाचा पिवळा तो बर्च. बीचची पानं तांबूस-सोनेरी होतात आणि बरीचशी हिवाळाभर फांदीलाच चिकटून राहतात. ओक सगळ्यात शेवटी, तोही विटकरी. आणि मधे मधे काळपट हिरवे स्प्रूस आणि फर असतात, ते नसते तर बाकीचे रंग इतके उठून दिसले नसते असं मला दरवर्षी वाटतं.

दुसरा मुद्दा दिशेचा. बोस्टनकडचे नव्वद टक्के लोक आय-९३ ने सरळ रस्त्याच्या पश्चिम टोकाच्या लिंकन गावाला जातात आणि तिथून कँकवर पूर्वेकडे वळतात. (इथे सगळे त्याला कँकच म्हणतात.) म्हणजे सकाळचं ऊन डोळ्यावर घेऊन गाडी चालवायची आणि दुपारी दोन-तीनला नॉर्थ कॉनवेत उतरायचं, जिथे त्या वीकेंडला आउटलेटच्या गर्दीत दोन-तीन मैलांना तासही लागू शकतो. तुम्ही उलटं करा. आय-९५ ने पोर्ट्समथ, तिथून रूट १६ म्हणजे स्पॉल्डिंग टर्नपाइक धरून वर कॉनवे, आणि कॉनवेहून कँकवर पश्चिमेकडे. सकाळचं ऊन पाठीशी राहतं, समोरचे डोंगर उजळलेले दिसतात, नॉर्थ कॉनवेला तुम्ही शिवतच नाही कारण कँकचा फाटा त्याच्या अलीकडेच कॉनवेत आहे, आणि संध्याकाळी लिंकनकडून ९३ ने सरळ घरी. वीकेंडला हे एवढं केलं तरी अर्धा दिवस वाचतो. आणि शुक्रवारी सुट्टी टाकणं शक्य असेल तर खरंच टाका, शनिवार आणि शुक्रवारात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नसेलच जमत तर मग पहाटे साडेपाचला गाडी हलली पाहिजे. सहाला नाही. साडेपाचला. आई-बाबा तसेही जेट लॅग नसला तरी पाचला उठलेले असतातच, मुलीला पांघरुणासकट उचलून कार सीटमधे बसवा, ती दोन तास झोपेल.

पहिला थांबा चोकोरुआ लेक, रूट १६ वरच, टॅमवर्थ गावाच्या हद्दीत, कॉनवेच्या साधारण दहाएक मैल आधी. पावणेआठच्या सुमारास पोचाल. तळं, तळ्यापलीकडे साडेतीन हजार फुटी चोकोरुआचा खडकाळ सुळका, आणि थंडी पडली असेल तर पाण्यावर धुक्याचा थर तरंगत असतो. गाडीतून उतरलं की समोरच, चालायचं काहीच नाही. इथे थर्मासमधला चहा काढा. मी सांगते, दिवसभरातला सगळ्यात शांत अर्धा तास हाच असतो, नंतर दिवसभर माणसं असतात. माझ्या आईने तिथे काठावर उभं राहून पहिली पाच मिनिटं एक शब्द काढला नव्हता, आणि माझी आई गप्प राहणारी बाई नाही.

कॉनवेत पेट्रोल फुल करा आणि सगळ्यांना बाथरूमला नेऊन आणा. कँकच्या ३४.५ मैलांत एकही गॅस स्टेशन नाही, दुकान नाही, हॉटेल नाही, आणि मधल्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात फोनला सिग्नल नाही. ट्रेलहेडला (पायवाटेच्या सुरुवातीला) आणि ओव्हरलुकला (दरी बघायच्या थांब्याला) टॉयलेट आहेत पण बहुतेक खड्ड्याचे, पाणी नसतं, आईंना आधीच सांगून ठेवा आणि वेट वाइप्स ठेवा.

सिग्नलचं मी एवढं का सांगतेय तर माझा स्वतःचा अनुभव आहे. एका वर्षी आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो होतो, नऊ जण. एका ओव्हरलुकला आम्ही थांबलो, मागची गाडी जागा मिळाली नाही म्हणून पुढे गेली, आणि मग पावणेदोन तास आम्हाला एकमेकांचा पत्ता नाही. ते पुढे कुठेतरी वाट बघतायत, आम्ही मागे. जेवणाचे सगळे डबे आमच्या गाडीत आणि डायबेटिस असलेले काका त्यांच्या गाडीत. भेटलो तेव्हा काकांना घाम फुटला होता, हात थरथरत होते, कुणाच्या तरी पर्समधल्या लिमलेटच्या गोळ्यांवर त्यांनी तग धरली होती. तेव्हापासून माझा नियम, दोन गाड्या असतील तर प्रत्येक गाडीत स्वतंत्र खाणं, पाणी, औषधं, आणि निघायच्या आधी तोंडी ठरवायचं की चुकलो तर अमुक ठिकाणी अमुक वाजता. तुमची एकच गाडी आहे तरी बाबांच्या गोळ्या डिकीत नको, हाताशी ठेवा, आणि आदल्या रात्री फोनमधे त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या.

आता कँक. हा रस्ता १९५९ मधे सलग खुला झाला, आणि नाव इथल्या एका मूळ रहिवासी सरदाराचं आहे, कँकामॉगसचं, अर्थ सांगतात "निर्भय". पार्किंगसाठी नॅशनल फॉरेस्टचा दिवसाचा पास पाच डॉलरचा, ट्रेलहेडला पेटी असते, पाकिटात पैसे टाकून अर्धा कागद काचेपाशी ठेवायचा. सुटे पाच डॉलर जवळ ठेवा. एकच पास दिवसभर सगळ्या थांब्यांना चालतो, नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर तोही चालतो.

कॉनवेपासून सहाएक मैलांवर उजव्या हाताला आल्बनी कव्हर्ड ब्रिज, १८५८ चा लाकडी छपराचा पूल. छान आहे, पण पार्किंग भरलेलं दिसलं तर सोडा, वाईट वाटून घेऊ नका. तिथून तीनेक मैलांवर रॉकी गॉर्ज आहे तिथे मात्र थांबाच. पार्किंगपासून थोडंसंच चालून एक पादचारी पूल आहे आणि खाली स्विफ्ट नदी खडकाच्या अरुंद चिरेत घुसते. पूल ओलांडला की मागे फॉल्स पाँड नावाचं छोटं तळं. माझा सल्ला, इथे पाऊण तास द्या. मुलीला पुलावरून पान टाकायला सांगा आणि दुसऱ्या बाजूला जाऊन कधी येतंय ते बघायला. पान आधी भोवऱ्यात गोल गोल फिरत राहतं, तीन-चार चकरा मारतं, असं वाटतं आता अडकलं, आणि मग एकदम चिरेत खेचलं जातं आणि क्षणात पलीकडे पांढऱ्या फेसात लालचुटुक ठिपका दिसतो. गेल्या वर्षी मैत्रिणीच्या वडिलांनी, वय वर्षं ७८, हे अकरा वेळा केलं. आम्ही मोजलं. फक्त खडक शेवाळलेले आणि पानांनी झाकलेले असतात, ओली पानं म्हणजे साबण, मुलीचा हात सोडू नका आणि बाबांना काठी द्या. खडकावर उतरू देऊच नका.

पुढे बाराव्या-तेराव्या मैलाच्या आसपास उजवीकडे बेअर नॉच रोडचा फाटा लागेल, लक्षात ठेवा. ही तुमची सुटकेची वाट. कँकवर पुढे अपघात किंवा कामामुळे गाड्या तुंबल्या असतील तर या नऊ मैलांच्या रस्त्याने बार्टलेटला उतरून रूट ३०२ धरता येतो, आणि रस्ता स्वतः सुंदर आहे, झाडांच्या बोगद्यातून जातो. (हिवाळ्यात बंद असतो, ऑक्टोबरात चालू.)

त्याच्या जवळच रस्त्याला लागून एक जुनं घर आहे, रसेल-कॉलबॅथ हाउस, १८३२ मधलं. इथली गोष्ट आईंना सांगा. १८९१ मधे थॉमस कॉलबॅथ बायकोला "येतो थोड्या वेळात" असं सांगून बाहेर पडला तो आलाच नाही. रूथ रोज रात्री खिडकीत दिवा लावून ठेवायची, ३९ वर्षं, १९३० मधे ती गेली. आणि तीन वर्षांनी, १९३३ मधे, तो परत आला. घर बाहेरूनच बघा, पाच मिनिटं पुरतात, पण ती खिडकी बघून माझ्या सासूबाई पुढचे दहा मैल त्या थॉमसला बोलत होत्या.

साबाडे फॉल्स पंधराएक मैलांवर. अर्ध्या मैलाच्या आतलं चालणं आहे, वाट रुंद, खडीची, सुरुवातीला सोपी पण धबधब्यापाशी लाकडी पायऱ्या आहेत. इथे बाबांना विचारा, त्यांना बरं वाटत असेल तर पायऱ्यांपर्यंत या, नसेल तर खाली ओढ्याकाठी बसू द्या. तुमच्यापैकी एकाने मुलीला घेऊन वर जा. सगळ्यांनी सगळं बघितलंच पाहिजे असा हट्ट ट्रिपमधे धरू नये असं माझं ठाम मत आहे, तेवढ्यावरून घरात कटुता येते.

मग चढ सुरू होतो. शुगर हिल ओव्हरलुक, पुढे माथ्याच्या आसपास ग्रॅहम वँगन आणि पलीकडे पेमिजेवासेट ओव्हरलुक, आणि मग मोठं हेअरपिन वळण, हॅनकॉक ओव्हरलुक. सगळीकडे थांबू नका, दृश्य साधारण तेच, कोन वेगळा. मी शुगर हिल आणि पेमिजेवासेट दोनच घेते. गाडीतून उतरलं की कठडा आणि समोर दरी, त्यामुळे बाबांना उत्तम. आणि चालवणाऱ्याने चालवताना बघायचं नाही, हे गंभीरपणे सांगतेय. समोरचा माणूस कधीही पान बघून ब्रेक मारतो. रस्त्याच्या कडेला गाडी लावायची वेळ आलीच तर "नो पार्किंग" नाही ना ते बघा, आणि चारही चाकं डांबराच्या बाहेर हवीत.

उतरल्यावर लिंकनच्या थोडं अलीकडे लिंकन वुड्स. जेवण इथे. साडेबारा वाजलेले असतील. मोठं पार्किंग, नदी आणि नदीवर लांब झुलता पूल, मुलीला तो पूल हलतो म्हणून फार आवडेल. पलीकडची वाट एकदम सपाट, कारण ती जुन्या लाकूडतोडीच्या रेल्वेचा मार्ग आहे, मधे मधे अजून स्लीपर दिसतात. बाबा इथे आरामात वीस मिनिटं चालतील. इथेच एक गोष्ट त्यांना सांगण्यासारखी. हे जे अमर्याद जंगल दिसतंय ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बरंचसं तोडून भुंडं केलेलं होतं, या रेल्वेने लाकूड खाली नेत होते, आणि उरलेल्या फांद्या-पाचोळ्याला १९०३ आणि १९०७ मधे मोठाल्या आगी लागल्या. लोकांनी रेटा लावला, १९११ मधे वीक्स कायदा झाला, सरकारने जमिनी विकत घेतल्या आणि १९१८ मधे व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्ट झालं. बर्च हे मोकळ्या, जळलेल्या जमिनीवर आधी उगवणारं झाड, त्यामुळे आज जो पिवळा आपण बघायला येतो त्यातला काही त्या राखेतून उठलेला आहे. मला हे कळलं तेव्हापासून या रस्त्याकडे मी वेगळ्या नजरेने बघते, आणि भारतातले आपले बोडके डोंगर आठवतात.

जेवायला घरूनच न्या. त्या दिवशी लिंकनच्या हॉटेलांत तासभर थांबावं लागतं. मी दशम्या, कोरडी चटणी, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी आणि दहीभात नेते, दहीभाताला सगळे आधी नाक मुरडतात आणि आधी तोच संपतो. गरम पाणी दोन थर्मास. आणि कपडे, सकाळी तळ्याकाठी दोन-तीन डिग्री सेल्सियस असू शकतं आणि दुपारी पंधराच्या पुढे, त्यामुळे एक जाड जॅकेट नको, थर थर घाला. आईंना साडी नेसायची असेल तर आतून थर्मल आणि पायात मोजे-बूट, चपला नको.

आता यादीतलं काय काढायचं. फ्ल्यूम गॉर्ज काढा. सुंदर आहे, पण वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं, जवळपास दोन मैलांचं चालणं आणि भरपूर पायऱ्या, बाबांच्या गुडघ्यांना शिक्षा होईल. आर्टिस्ट्स ब्लफ काढा, चढ दगडांचा आहे आणि पार्किंग सकाळी सातलाच भरतं. ऑटो रोड काढा, कारण माउंट वॉशिंग्टन ६,२८८ फूट आहे आणि साधारण साडेचार हजार फुटांच्या वर झाडच उगत नाही, तुम्ही रंग बघायला चाललाय आणि वर नुसता खडक, कदाचित बर्फ. तो वेगळ्या दिवसाचा प्रोग्राम आहे. कॅनन माउंटनची ट्राम (रोपवे) पण यादीत दिसली, ती ऑक्टोबर २०२५ मधे बंद झाली, जुन्या ब्लॉगमधे अजून असते. उंचावरून बघायचंच असेल तर लिंकनलाच लून माउंटनचा गोंडोला आहे, बसून वर, बसून खाली. मी मात्र त्याऐवजी नदीकाठी वेळ घालवेन.

लिंकनहून उत्तरेला फ्रँकोनिया नॉच, नॉच म्हणजे खिंड. इथे दोन छोटे थांबे, दोन्ही गुडघ्यांना सोपे. एक बेसिन, पार्किंगपासून दोन-चार मिनिटांवर, पाण्याने खडकात कोरलेला भलामोठा रांजण, ज्यांनी निघोजचे रांजणखळगे पाहिलेत त्यांना बघताक्षणी ओळख पटते. दुसरा, ओल्ड मॅन ऑफ द माउंटनची जागा. कड्यावर माणसाच्या चेहऱ्यासारखा खडक होता, राज्याच्या नाण्यावर, रस्त्याच्या पाट्यांवर तोच आहे, आणि ३ मे २००३ ला तो कोसळला. आता तळ्याकाठी पोलादी खांब उभे केलेत, आपल्या उंचीप्रमाणे योग्य जागी उभं राहून वर पाहिलं की खांबाच्या टोकावरची नक्षी कड्याला जुळते आणि चेहरा पुन्हा दिसतो. बाबा आणि नात दोघांनाही हे जमवण्यात मजा येईल.

शेवटचा थांबा मी तुमच्या यादीत सगळ्यात खाली पाहिला आणि तो मी वर आणतेय. ब्रेटन वुड्स, नॉचपासून अर्ध्या तासावर. पांढरं, लाल छपराचं १९०२ मधलं प्रचंड हॉटेल, मागे माउंट वॉशिंग्टनची रांग. जुलै १९४४ मधे इथे ४४ देशांची परिषद झाली, जागतिक बँक आणि नाणेनिधी तिथून निघाले. आणि त्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. युद्धकाळात ब्रिटनकडे अडकलेल्या भारताच्या स्टर्लिंग शिलकीचा प्रश्न भारताने इथे मांडला होता. तेच सी. डी. देशमुख ज्यांनी पुढे १९५६ मधे मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं. पुण्यातल्या त्या पिढीला हे सांगायची गरजच नसते. माझ्या सासऱ्यांनी त्या लांबलचक व्हरांड्यात खुर्चीवर बसून, समोर तो केशरी डोंगर, मला तासभर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या आठवणी सांगितल्या, ते तेव्हा कॉलेजात होते. त्या दिवसातलं पान एकही आठवत नसलं तरी तो तास मला पूर्ण आठवतो. कॉफी घ्या, बसा, घाई करू नका.

सव्वाचारला उठा. सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो आणि अंधारात ३०२ आणि रूट ३ वर मूस (इथली भलीमोठी हरणं) येतात, उंच, काळपट, हेडलाइटमधे डोळेही नीट चमकत नाहीत, धडक झाली तर धड थेट काचेवर येतं. तो पट्टा उजेडात संपवून ९३ वर लागा. शनिवारी रात्री दक्षिणेकडची गर्दी रविवार-सोमवारपेक्षा बरी असते, बरेच जण वर मुक्कामाला राहतात. आठ-साडेआठपर्यंत घरी.

पाऊस असेल तर? भुरभुर असेल तर जा, कॅन्सल करू नका. ढगाळ उजेडात रंग जास्त गडद दिसतात, ओली खोडं काळी होतात आणि पिवळा त्यावर झळकतो, फोटोही कडक उन्हापेक्षा चांगले येतात. वारा जोराचा असेल, वादळी पाऊस असेल तर मात्र रविवारी ढकला आणि उंची खाली घ्या, कारण एका रात्रीत माथ्यावरची पानं उतरतात. आदल्या दिवशी राज्याच्या टुरिझमच्या साइटवरचा रंगांचा नकाशा बघा, आणि माउंट वॉशिंग्टनच्या वेधशाळेचे वेबकॅम असतात तेही बघा, ते खरं ते दाखवतात.

आणि एक जाड जुनं पुस्तक गाडीत ठेवा, जुनी टेलिफोन डिरेक्टरी असेल तर सर्वात उत्तम. आईंना पानं गोळा करावीशी वाटणार, सगळ्यांच्या आया करतात, आणि ती डॅशबोर्डवर ठेवली की हीटरने तासाभरात वळून चुरा होतात. उचलल्या उचलल्या टिश्यूमधे घालून पुस्तकात दाबायची. जमिनीवर पडलेलीच घ्या. काळे ठिपके नसलेलं, शिरा अजून हिरव्या आहेत आणि मधलं सगळं लाल झालंय असं पान शोधायला सांगा, ते फार दिवस टिकतं. माझ्या आईने २०११ मधे रॉकी गॉर्जला उचललेलं एक तिच्या ज्ञानेश्वरीत आहे, सोळाव्या अध्यायात, रंग आता विटकरी झालाय पण देठ अजून शाबूत आहे.